मुठीतली टरफलं

उत्तरा गुप्ते हिने अकरा वर्षांत एकशे तीस हात टाइप केले. म्हणजे हातांचे रिपोर्ट. कुणाचा अंगठा गेलेला, कुणाच्या करंगळीचं पेर, कुणाचा तळवा भाजलेला. घाटकोपरला पंतनगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. रस्त्याकडच्या गॅलरीला जाळी लावून घेतली होती. तिथे लोणच्याच्या बरण्या, तुळशीची कुंडी आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर टाइपरायटर. बी.ए. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत रिकामं बसायला नको म्हणून वडिलांनी तिला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. ते शिक्षण असल्या कामाला येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिचे यजमान डॉक्टर विद्याधर गुप्ते. सरकारी नोकरीत होते तेव्हा पोलिसांकडच्या जखमा तपासायचे. चाकूची कुठली, काचेची कुठली, पडून झालेली कुठली, कुणी केलेली कुठली. पाठीच्या दुखण्याने नोकरी लवकर सोडावी लागली, तेव्हा एका विमा कंपनीने त्यांना घरबसल्या काम दिलं. अपघाताच्या विम्यात बोटालाही भाव असतो, आणि मग शंभरात एखादा असा निघतो, जो आपणहून बोट यंत्राखाली धरतो. तो एखादा ओळखून काढायचा, हे डॉक्टरांचं काम. कंपनीला ज्या हाताचा संशय येई, त्या हाताचे फोटो लिफाफ्यातून पंतनगरात येत. फोटोंमागून, अर्थात, माणूस.

डॉक्टरांची एक पद्धत होती. आल्या आल्या हात बघायचा नाही. "बसा," म्हणायचे आणि आत हाक मारायचे, "अगं, शेंगा आण." भाजलेल्या शेंगांची ताटली टीपॉयवर यायची. गाव कुठलं, मुलं किती, यंदा गणपतीला गेला होतात का, अशा गप्पा चालायच्या आणि बोलता बोलता माणूस शेंगा फोडायचा. तो उजवा की डावरा, दुखरा हात किती वापरतो, किती लपवतो, सगळं त्या शेंगा सांगून टाकायच्या. वर डॉक्टरांचा एक ठरलेला विनोद असायचा, "टरफलं इथेच टाका हं, बिनधास्त. उचलायला आम्ही आहोत." मराठी शाळेत गेलेला कुठलाही माणूस ह्यावर हसायचाच, आणि हसला की त्याचा हात सैल पडायचा.

उत्तरा ताटली ठेवायची आणि नंतर उचलायची. तेवढ्यात तिला दिसायचं ते दिसायचं. बोलायची मात्र नाही. तपासणारे ते, आपण टाइप करणाऱ्या, अशी तिने मनाशी वाटणी करून टाकली होती.

पंच्याऐंशी साली, संक्रांत होऊन गेल्यावर, एका मंगळवारी जयवंत घाडी आला. चाळिशीचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट. मालवणकडचा. परळच्या एका गिरणीत अठरा वर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेले. संप लांबत गेला, गिरणी सुटली, तेव्हा लवू नावाच्या गाववाल्याने त्याला साकीनाक्याला एका पत्र्याच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे पत्रा कापायचं एक यंत्र होतं, कामगार त्याला कातर म्हणत. डाव्या हाताने पत्रा पुढे सरकवायचा, पायाने दाबलं की वरून पातं खाली. डिसेंबरातल्या एका दुपारी जयवंतच्या डाव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

"यंदा गणपतीला गेला होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय जमला ह्या वर्साक."

टरफलांच्या विनोदावर तो हसला नाही. शेंगांनाही हात लावला नाही. मग डॉक्टरांनी हात पाहिला, मोजमापं घेतली, आणि ते टिपणं लिहायला वळले तेव्हा कुठे त्याने शेंगा खाल्ल्या, सगळ्या संपवल्या. निघताना उत्तराने दार उघडलं, तसा तो दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, केराचो डबो खंय हा?" तिने दाखवला. त्याने वाकून डावी मूठ उघडली. सगळी टरफलं त्या मुठीत होती.

काय नीटनेटका माणूस आहे, एवढंच तिच्या मनात आलं. मग कुकरची शिटी झाली.

रिपोर्ट दोन पानी झाला. डॉक्टर खुर्चीत मागे टेकून सांगत होते आणि तिची दहाही बोटं चालत होती. पसरलेल्या हातावर पातं आलं असतं तर दोन-तीन बोटं तरी सापडली असती. इथे गेलं ते एकच, सरळ पुढे केलेलं. शेजारच्या बोटाला ओरखडासुद्धा नाही. याचा अर्थ बाकीची तीन बोटं आधीच आत ओढून घेतली होती, आणि अपघातात माणसाला बोटं निवडायला वेळ नसतो. काप एका रेषेत, स्वच्छ. हात डावा. विमा तीन महिन्यांपूर्वी उतरवलेला. तुटलेलं बोट दवाखान्यात आणलेलं नाही, भंगारात गेलं म्हणतात. तळव्यावर जुने घट्टे आहेत, त्यांचा या इजेशी संबंध नाही. निष्कर्ष, सेल्फ-इन्फ्लिक्टेड. स्वतःच्या मनाने, स्वतःच केलेली.

"नक्की ना हो?" उत्तराने विचारलं. एरवी ती कधी विचारत नसे.

"अगं, इतकी सरळ केस मी अकरा वर्षांत पाहिली नाही. शिकवायला ठेवावी अशी आहे."

तिने कागद ओढून काढला आणि त्यांनी सही केली.

कंपनीने विमा नाकारला. साकीनाक्याच्या मालकाला ते कळलं, तसं त्याने 'असली नाटकी माणसं नकोत' म्हणून जयवंतला काढून टाकलं. हे सगळं उत्तराला फार नंतर समजलं. आधी समजलं ते एवढंच, की चैत्रापासून दर मंगळवारी, साडेचारच्या सुमाराला, समोरच्या बसस्टॉपवर एक माणूस येऊन उभा राहतो. बस येते, जाते, तो चढत नाही. इस्त्रीचा शर्ट. डावा हात पाठीमागे. आणि मान वर, त्यांच्या गॅलरीकडे.

तिसऱ्या मंगळवारी तिला राहवलं नाही. "अहो, जरा इकडे या. तो बघा ना, घाडी."

"कोण घाडी?"

"बोटवाला. साकीनाक्याचा."

डॉक्टर गॅलरीत आले. "कुठे? कुणी नाहीये." बस मध्ये उभी होती. ते आत वळले आणि बस हलली. बसच्या मागे तो तसाच उभा होता, जागचा न हललेला. त्या दिवसापासून मंगळवारी दुपारी डॉक्टर खुर्ची भिंतीकडे फिरवून पेपर वाचायला लागले.

खालच्या मजल्यावरची शकु म्हणाली, "पोलिसात दे सरळ. काय वाट बघतेस?"

"काय सांगू गं? माणूस बसस्टॉपवर उभा राहतो, म्हणून तक्रार आहे?"

हेच तर वाईट होतं. शिवी नाही, चिठ्ठी नाही, दमदाटी नाही. नुसतं बघणं. मंगळवार नसला तरी कपडे वाळत घालताना तिला आधी बसस्टॉप दिसायचा आणि मग दोरी. टायपिंगला बसली की डाव्या तर्जनीने दाबायची जी अक्षरं, ती दाबताना वाटायचं, हे बोट आपलं नाही, कुणाचं तरी मागून आणलंय आणि परत द्यायचं राहिलंय. डॉक्टरही दुपारी आडवे झाले की डावा हात उशीखाली सरकवायचे. पूर्वी त्यांना तशी सवय नव्हती.

श्रावणातल्या एका सकाळची गोष्ट. घरात चार पाहुणे जेवायला यायचे होते, म्हणून उत्तराने सुगंधाला भांडी झाल्यावर गवार निवडायला बसवलं. सुगंधा त्यांची कामवाली, असल्फ्याहून यायची. तीही गिरणीतलीच. वायंडिंग खात्यात सतरा वर्षं दोरा गुंडाळत काढलेली, संपानंतर धुण्याभांड्याला लागलेली. शिरा काढून झाल्यावर तिने विळी ओढली आणि चिरायला घेतली. उत्तराचं लक्ष गेलं. सुगंधाच्या डाव्या हाताची तीन बोटं घट्ट मिटलेली होती. तर्जनी तेवढी सरळ, नेमकी पात्याच्या दिशेने.

"अगं, बोट जाईल ना! मूठ काय धरून बसलीयस? हात पसर की नीट."

"सवय हा वहिनी. पसरूकच येणा नाय आता."

"कसली सवय?"

सुगंधाने हसून मूठ उघडली. आत गवारीच्या शिरा आणि देठं. समोर ताट होतं, त्यात एकही नव्हतं.

"खात्यात दोरो तुटलो काय गाठ मारूची. गाठीची टोकां कातरूची. ती खाली टाकलंव तर मशिनीत जातत, मगे जॉबर बोंब मारता. म्हणान ह्या तीन बोटांत धरून ठेवूची, आणि ह्या बोटान नि आंगठ्यान फुडची गाठ. पाळी सुटली काय मूठ रिकामी करूची. सतरा वर्सां, वहिनी. आता ह्येंका उघडूचा कळणाच नाय."

"साच्यांवरच्या पुरुषांचंही असंच होतं का गं?"

"सगळ्यांचाच. आमच्या चाळीत येवन बगा, चाय पितानाव तीन बोटां मिटलेली. लांबसून वळखतत आमका."

उत्तरा उठली. उठताना तिच्या मांडीवरची गवार सगळी खाली सांडली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. "म्हणजे आता विळीवरून मी रिपोर्ट बदलायचे?"

"बदलू नका. एवढंच सांगा, घाडीने टरफलं कुठे टाकली?"

"ताटलीत. आणखी कुठे टाकणार?"

"ताटलीत एक नव्हतं. ताटली मी उचलली. डाव्या मुठीत होती सगळी. जाताना मला केराचा डबा विचारला त्याने."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते तिचं तिलाच ऐकवेना. "मला वाटलं, नीटनेटका आहे," ती म्हणाली.

पण डॉक्टर हाडाचे तपासनीस. चिडले तरी तपासल्याशिवाय राहवेना. त्यांनी शर्टाच्या खोक्याचं झाकण टेबलावर ठेवलं आणि सुगंधाला म्हणाले, "हे डाव्या हाताने पुढे ढकल. टेबलाच्या कडेपर्यंत."

"ह्यो काय खेळ, साहेब?"

"ढकल तर."

तिने ढकललं. तीन बोटं मिटलेली, तर्जनी झाकणावर सरळ, टोक कडेच्या बाहेर. पुन्हा ढकलायला लावलं. दहा वेळा. दहाही वेळा तेच. मग डॉक्टरांनी स्वतः ढकलून पाहिलं. त्यांचा हात सपाट पडला, चारही बोटं पसरलेली. ज्या हाताच्या हिशोबाने त्यांनी रिपोर्ट लिहिला होता, तो हात हा होता. त्यांचा स्वतःचा.

त्यांनी ट्रंकेतून जयवंतचे फोटो काढले आणि भिंग धरलं. तळव्यावर तीन घट्टे, ओळीने. मिटलेल्या बोटांची टोकं जिथे रुततात, बरोबर तिथे. 'संबंध नाही' असं उत्तराने टाइप केलेले.

"उत्तरा," ते भिंग न काढता म्हणाले, "बोटं त्याने आत ओढली नव्हती गं. ती आतच होती."

पुढच्या मंगळवारी चार वाजल्यापासून डॉक्टर गॅलरीत उभे होते. तो दिसला, तसे पायात होत्या त्या सपाता घालून, पाठ धरत, जिना उतरले. वरून उत्तरा बघत होती. डॉक्टर काहीतरी बोलले. जयवंतने मान हलवली. मग दोघं रस्ता ओलांडून आले.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्या दिवशी शेंगा आणल्या नाहीत. डॉक्टरांनी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण जयवंतच आधी बोलला.

"साहेब, माका भांडूचा नाय. एकच इचारूचा हा. पयल्यांदा मंगळवारी इल्लंय, म्हणान दर मंगळवारी येतंय. पण जिन्यापर्यंत येवक धीर होणा नाय."

"विचारा."

"तुमका कळला कसा?"

"काय कळलं?"

"माझ्या मनातला." तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. "कंपनीतल्या साहेबान वाचून दाकवल्यान. पयलो मी म्हटलंय, खोटा हा. पण तुमी शिकलेले, पोलिसांकडे काम केलेले. तुमी उगाच कित्या लिवश्यात? मगे घरात बसान इचार करूक लागलंय. त्या दिवशी सकाळी बायकोवांगडा माझा वाजलेला. डोक्यात काय काय येय होता. आणि आता रोज ता पाता खाली येताना दिसता माका. बोट काडूक टायम होतो, असा वाटता. मी काडलंय नाय. मीच केलंय काय ता, साहेब? माका आठवणा नाय. तुमका दिसला, तर तुमीच सांगा."

उत्तरा दारात उभी होती. एवढे महिने ती ज्या नजरेला भ्यायली होती, त्या नजरेत राग नव्हताच. तो माणूस खाली उभा राहून वर आपल्याच मनाचा पत्ता शोधत होता, आणि तो पत्ता तिने टाइप केला होता.

डॉक्टर उठले. त्यांनी जयवंतचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि मिटलेली तीन बोटं एक एक करून उघडली. सोडली, तशी ती पुन्हा मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोऱ्याची टोकं, सुगंधाची गवार, खोक्याचं झाकण, तीन घट्टे. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही.

जयवंत आपल्या मुठीकडे बघत राहिला. "म्हणजे मी नाय केलंय?"

"नाही."

"लिवन द्या."

"कंपनीला आजच लिहितो. उत्तरा, कागद लाव."

"कंपनीक देवा, नायतर नको देवा. माका द्या. मराठीत. माका वाचूक येयत असा."

टाइपरायटर इंग्रजी. उत्तराने हिशोबाच्या वहीतला रेघी कागद फाडून घेतला आणि पेन उघडलं. डॉक्टर सांगू लागले, "श्री. जयवंत घाडी यांच्या डाव्या हाताची तीन बोटे गिरणीतील कामाच्या सवयीने कायम मिटलेली असतात. त्यामुळे पात्याखाली एकच बोट आले. सदर इजा अपघाताची आहे."

जयवंत ऐकत होता. "आणि माझ्या मनात नव्हता, ता?"

"ते मला लिहिता येत नाही हो," डॉक्टर अजिजीने म्हणाले. "मी हाताचं सांगू शकतो. मनाचं कसं सांगणार?"

"मगे आदी कसा सांगलात?"

खाली एक बस येऊन थांबली आणि निघून गेली. उत्तरा पेन धरून थांबली होती. नवऱ्याकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

"लिही," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या मनात तसे काही नव्हते. पूर्वी मी तसे लिहिले, ती माझी चूक."

सही करून दिलेला कागद जयवंतने दोनदा वाचला, ओठ हलवत. "तसे काही नव्हते," एवढं तिसऱ्यांदा वाचलं. मग घडी घालून डाव्या हातात घेतला. तीन बोटं कागदावर मिटली. अंगठा सवयीने तर्जनीला टेकायला गेला, तिथे काही नव्हतं, तसा जरा वेळ अधांतरी राहिला आणि मग मुठीवर येऊन बसला. "येतंय, वहिनी," म्हणून तो जिना उतरला. बस आली. ह्या वेळी तो चढला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी कंपनीलाही पत्र पाठवलं. कंपनीने दुसरा डॉक्टर नेमला. कागद इकडून तिकडे फिरले आणि दीड वर्षाने विमा मंजूर झाला. तोवर जयवंत दिंडोशीच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला होता. त्याचा गाववाला लवू एकदा येऊन पेढे देऊन गेला, त्यानेच हे सांगितलं. जयवंत स्वतः पुन्हा आला नाही. उत्तरा मंगळवारी अजूनही आधी बसस्टॉप बघायची आणि मग दोरी.

त्या पत्रानंतर कंपनीचे लिफाफे यायचे बंद झाले. आपलंच मत फिरवणारा तज्ज्ञ कुणाला हवा असतो! डॉक्टरांनी त्याची तक्रार केली नाही. पण दुपारी जेवण झालं की ते जुनी ट्रंक उघडून बसायला लागले. एक एक फोटो काढायचे, भिंग लावायचे, बाजूला ठेवायचे. ज्यांना त्यांनी खोटं ठरवलं होतं, असे चौदा हात निघाले. ते त्यांनी वेगळे ठेवले. एक सुताराचा होता, एक विडी वळणाऱ्या बाईचा, एक छापखान्यातल्या माणसाचा. प्रत्येकाचं काम निराळं, प्रत्येकाची सवय निराळी. त्यातली डॉक्टरांना एकही माहीत नव्हती.

"उत्तरा," ते तिथूनच विचारायचे, "हा सुतार आठवतो का गं तुला? चष्म्याची काच फुटलेला? शेंगा कशा फोडल्या होत्या त्याने? टरफलं कुठे टाकली?"

उत्तरा हातातलं काम ठेवून त्यांच्यापाशी येऊन बसायची. फोटो उजेडात धरायची. सगळ्या इमारतीत तिच्या आठवणीची ख्याती होती, कुणाच्या बारशाला कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं ते ती सांगू शकायची. एकशे तीस वेळा तिने ती ताटली ठेवली होती आणि एकशे तीस वेळा उचलली होती. डोळे मिटून ती आठवायची. ताटली दिसायची. काठावरचं निळं फूल दिसायचं. ताटलीत काय होतं आणि काय नव्हतं, ते मात्र काही केल्या दिसायचं नाही.